साडेतीन हात जमीन

पद्मनाभपुर ही दुर्ग शहरातील वस्ती; भिलाईच्या पोलाद कारखान्याचा शेजार तिला लाभला आहे. केंद्र सरकारच्या चाकरीने आम्हांस येथे आणून सोडले, त्यास आता काही वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीतील एक सहकारी, वयाने आमच्याहून चारच वर्षांनी वडील, टपालाच्या नोंदी करता करता छातीस हात लावून खुर्चीतच मागे कलले. रुग्णालय वेळेवर गाठता आले म्हणून निभावले. बरे होऊन परतल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरांनी विचारले, दिवसातून किती वेळ बसता? मी हिशेब केला. तो अकरा तासांचा निघाला." त्या रात्री आम्ही आमचाही हिशेब मांडून पाहिला. तो फारसा निराळा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एका व्यायामशाळेची (हल्ली तिला सारेच जिम म्हणतात) वर्षाची वर्गणी एकरकमी भरली. पावती अद्याप पाकिटात आहे. हजेरी मात्र एकोणीस दिवसांची. दोष त्या संस्थेचा नव्हे, आमचा. पावती हाती पडली की काम झाले असे वाटू लागते, हा रोग आम्हां कारकुनांस तरी नवा नाही. परंतु त्या पावतीकडे पाहताना एक प्रश्न मनात आला, आणि त्याच्या शोधात आम्ही पुष्कळ जुनी पाने चाळली. आपल्या वाडवडिलांनी शरीर कमावले ते कोणती वर्गणी भरून?

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे की, त्यांच्यापाशी पैसा नव्हता, म्हणून ते जोर-बैठका काढीत. हे उत्तर खरे नव्हे. ज्याला हवे ते साधन विकत घेता येत होते, अशाच एका माणसाने ते घेऊन, दहा वर्षे वापरून, मग बाजूस ठेविले. आणि आज घराघरांत ठाऊक असलेल्या व्यायामाचा प्रसार करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. तो माणूस म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

औंध आज सातारा जिल्ह्यात मोडते. भवानरावांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि गादीवर येण्यापूर्वी काही वर्षे वडिलांच्या कारभारात चिटणिसाचे काम पाहत होते. म्हणजे टेबल, दौत आणि बैठक यांची ओळख त्यांनाही होती! त्या काळात युजेन सँडो या बलोपासकाच्या नावाने जग भारले होते. भवानरावांनी १८९७ साली सँडोची पुस्तके व साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीचा नेटाने अभ्यास केला. पुढे १९०८ साली त्यांचे स्नेही, मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये ते गादीवर आले. चित्रकला, कीर्तन आणि कारभार यांत गढलेल्या या राजाने १९५१ साली देह ठेवीपर्यंत नमस्कारांचा कैवार सोडला नाही.

त्यांनी सूर्यनमस्कार शोधून काढले असे मात्र कोणी समजू नये. सूर्याला नमस्कार घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; बलोपासना आणि समर्थ रामदास यांची सांगडही परंपरेने घातलेली आहे. भवानरावांचे काम निराळे होते. त्यांनी नमस्काराच्या दहा स्थिती निश्चित केल्या, प्रत्येक स्थितीला श्वासाचे बंधन घातले, ॐकार, बीजाक्षरे आणि सूर्याची नावे यांचा क्रम लावून दिला, आणि जे देवघरात होते ते शाळेच्या पटांगणात आणले. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार शिकविण्यात येऊ लागले. १९२८ च्या सुमारास त्यांनी याविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' पत्राच्या लेखिका लुईझ मॉर्गन यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९३८ मध्ये तेथे निघाली. तिच्या नावातच आरोग्याच्या 'दहा पायऱ्या' होत्या. ज्या विलायतेतून सँडोची साधने आली, त्याच विलायतेला औंधाने परतफेड पाठविली. आणि ती पाठविताना पेटीत भरावयास काहीच नव्हते.

पेटीत भरावयास काही नसणे हा या व्यायामाचा गुण आम्हां बदलीवाल्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठी माणूस मुलूख सोडून जेथे जेथे गेला, तेथे त्याच्या सामानात व्यायाम होताच. दुसरे बाजीराव राज्य गमावून १८१८ नंतर बिठूरास राहिले. त्यांच्या पदरचे बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाच्या विद्येचे आद्य गुरू मानले जातात, आणि ती विद्या बिठूरच्या वाड्यातही रुजली असे परंपरा सांगते. साधन काय, तर जमिनीत रोवलेला एक लाकडी खांब आणि त्याला चोळण्यापुरते एरंडेल. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या गुरूंच्या नावाने जुम्मादादा व्यायाममंदिर चालविले. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, गाव गुजरातेतले आणि आखाड्याची बोली मराठी! त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड मराठीत काढले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीसाठी केलेले याहून घामाचे वाङ्मयीन काम आम्हांस तरी ठाऊक नाही.

आमच्या या प्रांताला जवळचे उदाहरण अमरावतीचे. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. अमरावती दूर वाटते. परंतु १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाड आणि दुर्ग एकाच प्रांताच्या कारभारात होते व दोहोंचे कागद नागपुरास जात. त्याहीपूर्वी, १७५८ पासून १७८७ पर्यंत, बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तेव्हा येथे आलेले आपण काही पहिले मराठी चाकरमाने नव्हे.

हे सारे लिहिताना जुन्या काळावर सोन्याचा मुलामा देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तालीम फुकट नव्हती. लाल मातीच्या हौदात तेल आणि ताक ओतावे लागे, पहिलवानाला दूध, तूप, बदाम लागत, आणि तो खर्च कोणी ना कोणी उचलीत असे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी उचलला, गावोगावी पंचांनी उचलला, पुष्कळ ठिकाणी वस्तादाने पोटाला चिमटा घेऊन उचलला. शिवाय तालमीचा उंबरठा सर्वांना सारखा नव्हता. बायकांना तेथे प्रवेश नव्हता, आणि जातीची भिंतही अनेक गावी उभी होती. नमस्काराचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. त्याला उंबरठाच नाही. माजघरातील बाईला, खोलीत एकट्या राहणाऱ्या उमेदवाराला, पन्नाशीच्या शिक्षकाला तो सारखाच वश आहे. मात्र नमस्काराने सर्व व्याधी हरतात, असा जो उत्साह त्या पिढीच्या लिखाणात आढळतो, तो आज जसाच्या तसा घेता येणार नाही. ज्याचा रक्तदाब चढलेला आहे वा गुडघे दुखतात, त्याने आधी वैद्याला विचारावे. औषधाच्या जागी नमस्कार घालू नये.

मग खर्च नव्हता असे म्हणावे काय? आमच्या मते होता. तो पैशाचा नव्हता. एक ठरलेली वेळ आणि एक वाट पाहणारा माणूस, ही तालमीची खरी वर्गणी. पहाटे वस्ताद हौदाशी येऊन उभा असे, आणि जो आला नाही त्याचे नाव सगळ्या आळीला कळे. औंधाच्या शाळेत गुरुजी मुलांबरोबर वाकत. भवानरावांना मिरजेचा स्नेही भेटला नसता, तर सँडोची साधने सोडण्याचे त्यांना सुचलेही नसते. घरापासून शेकडो कोस दूर बदलीवर राहणाऱ्या माणसाजवळ साधन असते, जागा असते, आता वर्गणीपुरता पैसाही असतो. नसतो तो आपली वाट पाहणारा माणूस. आमची एकोणीस दिवसांची हजेरी विसाव्या दिवशी तुटली, तेव्हा 'काल का आला नाहीत?' असे विचारणारे कोणी नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे माप सांगितले, ते आठवड्यास निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. रोजचा हिशेब बावीस मिनिटांच्या आत बसतो. भरभर चालणे, सायकलवर कचेरी गाठणे, जिने चढणे, नमस्कार घालणे, हे सारे त्यात धरता येते. स्नायूंच्या बळासाठी आठवड्यातून दोन दिवस निराळा व्यायाम हवा असेही संघटना सांगते. त्यासाठी आपले जोर आणि बैठका आहेतच. बसण्याचा काळ कमी करावा हे तिचे तिसरे सांगणे. अकरा तासांच्या खुर्चीला बावीस मिनिटांचा उतारा पुरा पडतोच असे नाही. म्हणून हल्ली आम्ही फाईल शिपायाकरवी न पाठविता दुसऱ्या मजल्यावर स्वतः नेऊन देतो. आरंभी साहेबांना हे चमत्कारिक वाटले. आता तेही अधूनमधून जिना चढताना दिसतात.

आणि एक गोष्ट जुळून आली. त्या सहकाऱ्यांना डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली आहे, आणि ते आमच्याच वस्तीत राहतात. पहाटे साडेपाचला ते आमच्या फाटकाशी येतात, हाक मारीत नाहीत, नुसते उभे राहतात. त्यांच्या घरून आम्हांस बजावलेले आहे, "भाऊजी, त्यांना भरभर चालू देऊ नका." म्हणून आम्ही दोघे पद्मनाभपुरच्या रस्त्यांवरून हळू चालतो. परतल्यावर ते पायरीवर बसून मोजतात आणि आम्ही सतरंजीवर बारा नमस्कार घालतो. मोजण्यात ते कसूर करीत नाहीत. दहाव्या नमस्काराला आम्ही गुडघा टेकला, तर तो नमस्कार ते धरीत नाहीत.

देह साडेतीन हातांचा, असे आपल्याकडे म्हणतात. शेवटी जमीन लागावयाची तीही तेवढीच. नमस्कारालाही याहून फारशी अधिक लागत नाही. ती आपल्या बिऱ्हाडात, कोणत्याही गावी, सतरंजी पसरण्यापुरती असतेच. ज्या वाचकबंधूंची बदली नुकतीच नव्या गावी झाली असेल, त्यांनी बिऱ्हाड लावताना ती जागा आधी मोकळी ठेवावी, आणि शेजारी कोण राहतो याची चौकशी करावी. पाकिटातील पावती आम्ही टाकून दिलेली नाही. तिची मुदत अजून चार महिने आहे. परंतु साडेपाच वाजले की आठवण होते ती फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाची.