फोमची एकच बाहुली, पात्रं दहा! हातात घालायची बाहुली कशी बनते?

‘लिज्जत पापड’च्या जाहिरातीतला ससा आठवतोय? किंवा ‘गली गली सिम सिम’मधली चमकी? बोलताना तोंड उघडणारी, मान वळवणारी ही पात्रं म्हणजे आतून फोम, बाहेरून कापड आणि मध्ये माणसाचा हात.

महाराष्ट्रात बोलक्या बाहुल्या म्हटलं की पाध्ये कुटुंबाचं नाव येतं. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव रामदास पाध्यांनी घराघरांत पोहोचवला. ‘झपाटलेला’ (1993) मधला तात्या विंचू आणि लिज्जतचा ससाही रामदास पाध्यांचाच. पण अर्धवटरावाचं डोकं टणक आहे, आतल्या कळीने त्याचा जबडा हलतो. फोमच्या बाहुलीत अशी कळ नसते. तुमचा अंगठा हाच तिचा खालचा जबडा.

ही पद्धत जगभर पोहोचवली अमेरिकेच्या जिम हेन्सन यांनी. त्यांचा पहिला कर्मिट 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून बनला, डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून लावला. पुढे ‘सेसमी स्ट्रीट’साठी त्यांच्या चमूने एक भन्नाट सोय केली. कोऱ्या चेहऱ्याच्या बाहुल्या बनवायच्या आणि डोळे, नाक, केस, मिशा हव्या तशा बदलायच्या. सकाळी पोस्टमन, दुपारी आजी. शाळेसाठी किंवा रील्ससाठी बाहुली करायची असेल तर हीच कल्पना सगळ्यात कामाची, कारण दहा बाहुल्यांचा खर्च आणि पसारा कोणालाच परवडत नाही.

कोणता फोम?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नवा मॉनिटर उघडला की खोक्यातून पांढरा फोम निघतो. फुकटचा असला तरी डोक्यासाठी तो नको. तो वाकवला की मुडपतो, गोलाई धरत नाही. थर्माकोल तर त्याहून वाईट, कारण रबरी गोंदाने तो विरघळतो. हवा तो गादी-सोफ्याचा मऊ पीयू फोम, साधारण 12 मिलिमीटर जाडीचा. गादीवाल्याकडे किंवा फोमच्या दुकानात त्याची शीट मिळते.

खरी गंमत पुढे आहे. सपाट शीटचं गोल डोकं कसं होतं? शिंपी ब्लाउजला टक घालतो, अगदी तसंच. कागदी साच्यावरून फोम कापताना वरच्या कडेला ‘व्ही’ आकाराच्या खाचा ठेवायच्या. खाचेच्या दोन्ही कडा चिकटवल्या की सपाट तुकडा आपोआप वाटीसारखा फुगतो. खाच रुंद असेल तर डोकं जास्त गोल होतं, अरुंद असेल तर चपटं. फोम कात्रीने कापू नका. कात्री फोम दाबते आणि कड तिरकी येते. धारदार कटर उभा धरून कापा.

चिकटवायला रबरी कॉन्टॅक्ट गोंद लागतो. पांढरा फेविकॉल वाळायला वेळ घेतो आणि सांधा कडक होतो. रबरी गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्यायचा आणि मग एकदाच नीट जुळवून दाबायचा. चुकलं तर फोम फाटल्याशिवाय तो सुटत नाही! या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि तो पेटही घेतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅसजवळ बसू नका आणि हे काम मुलांकडे देऊ नका.

तोंड बिघडलं की बाहुली मेली

तोंडासाठी जाड पुठ्ठ्याची लंबगोल चकती मध्ये दुमडायची. घडीवर कापडी पट्टी चिकटवा, नाहीतर पुठ्ठा तिथेच तुटतो. वरच्या भागाच्या मागे चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी कापडी खोबणी हवीच. ती नसेल तर हात घसरतो आणि तोंड अर्धवट उघडतं.

वरून फ्लीसचं कापड. ते ताणलं जातं आणि त्याच्या लवेत शिवण लपते. कापड फोमला सगळीकडे चिकटवू नका, म्हणजे काढून धुता येईल. डोळे, नाक, केसांना मागून वेल्क्रो लावा. वेल्क्रोचा काटेरी भाग थेट फ्लीसवर लावला तर काही दिवसांत लव उपटून निघते. म्हणून चेहऱ्यावर त्याच रंगाची मऊ पट्टी शिवून घ्यावी. डोळे नाकाच्या जवळ आणि बुबुळं किंचित आत वळलेली ठेवली की बाहुली समोरच्याकडेच पाहतेय असं वाटतं.

रंग मात्र विचार करून निवडा. हिंजवडी-माण भागातल्या एखाद्या वर्गात गावातली, आयटीवाल्यांची आणि बांधकाम मजुरांची मुलं एकत्र असू शकतात. निळ्या किंवा हिरव्या कातडीची बाहुली कुणाच्याच रंगाची, गावाची किंवा जातीची वाटत नाही. गोरी बाहुली परी आणि सावळी बाहुली चोर, असला घोळ तिथेच टळतो. शिवाय मोठ्यांशी न बोलणारं मूल बाहुलीशी बोलतं. मुंबईच्या बाहुलीकार मीना नाईक यांनी बाल लैंगिक अत्याचारासारखा अवघड विषय बाहुल्यांमधूनच मुलांपर्यंत नेला.

चालवताना नवशिके सगळे एकच चूक करतात. शब्दागणिक वरची बोटं उचलतात, त्यामुळे बाहुली आकाशाकडे बघत बोलते. वरची बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा. हातांसाठी जुन्या छत्रीची काडी पुरते, टोकाला टेप गुंडाळून.

आणि पावसाळा. पीयू फोम ऊन आणि दमट हवेत पिवळा पडून भुगा होतो. बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती कापडात, तोंडात कागदाचा बोळा घालून कपाटात ठेवा, म्हणजे जबडा चपटा होत नाही.