पंखावरचं अक्षर

फुलपाखराच्या पंखावर अक्षरं असतात, असं मी म्हटलं की ऐकणारा हसतो. कवी आहे, चालायचंच, असा त्याचा चेहरा होतो. पण हे कवीचं नव्हे, शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे आणि ते बरंच जुनं आहे.

सजीवांना लॅटिन नावं देण्याची शिस्त लावणाऱ्या स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५८ साली एका फुलपाखराच्या नावातच 'सी-आल्बम' असं घातलं. म्हणजे पांढरा सी. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला त्याच्या तशी खूण असते. आपल्याला ती चंद्रकोर दिसेल. त्याच ग्रंथात एका पतंगाला लिनिअसने ग्रीक मुळाक्षराचं नाव दिलं, गॅमा. पुढे एकोणिसाव्या शतकात या पतंगाच्या गटाला नाव मिळालं 'ऑटोग्राफा', म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेलं! गंमत अशी की त्याच चंदेरी खुणेला इंग्रज माणूस 'वाय' म्हणतो. मी तिचं मोठं केलेलं छायाचित्र पाहिलं, तर मला तो सरळ मराठी चारचा आकडा वाटला. ज्याची जशी बाराखडी, तसं त्याचं वाचन.

हे वाचन फार काळ मेलेल्या पंखांवरच चाललं. टाचणी टोचलेली फुलपाखरं, काचेची पेटी, भिंग. कॅमेरा आला तरी यात लगेच फरक पडला नाही. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, इंग्लंडचे टॅलबट, यांनी १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची चित्रं घेतली. त्या काळच्या कागदावर प्रतिमा उमटायला वेळ लागे. तेवढा वेळ स्वस्थ कोण बसणार? मेलेलाच.

१९६० साली शेल सांडवेड नावाचे नॉर्वेचे गृहस्थ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आले. प्राण्यांच्या एका कोशासाठी त्यांना चित्रं हवी होती. माळ्यावरच्या सिगारच्या जुन्या खोक्यात त्यांना एक पतंग सापडला आणि त्याच्या पंखावर रोमन लिपीतला चंदेरी 'एफ' दिसला. एक अक्षर आहे, तर बाकीची पंचवीस का नसावीत? माणूस छायाचित्रकार नव्हता. शिकला. संग्रहालयातल्या बार्बरा बेडेट यांच्या सोबतीने शोध सुरू झाला. देशोदेशीच्या रानांत सांडवेड हिंडले. १९७५ मध्ये स्मिथसोनियनच्या मासिकात पंखांवरची मुळाक्षरं छापून आली. २०१५ मध्ये ते वारले.

हे काम किती चिवट आहे, ते पंख जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. बोटाला लागणारी ती भुकटी म्हणजे खवले. एकेक खवला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कौलांसारखा एकावर एक रचलेला. बहुधा एका खवल्याचा रंग एकच. पुस्तकाचं पान शिशाच्या खिळ्यांनी जुळवावं, तशी पंखावरची नक्षी जुळवलेली असते. वस्तू आहे त्याच आकारात फिल्मवर घ्यायची, तर स्पष्ट दिसणारा थर कागदाच्या जाडीसारखा पातळ होतो. पंख जरा तिरका झाला की अर्धं अक्षर पुसट. वाऱ्याची झुळूक आली, चित्र गेलं. म्हणून जाणकार पहाटे निघतात. थंडीने आखडलेलं फुलपाखरू उन्हात पंख तापवल्याशिवाय उडू शकत नाही, तेवढाच काय तो अवधी. पतंगांची गोष्ट वेगळी, ते दिव्याखालच्या भिंतीवर रात्रभरही बसून राहतात.

मला या साऱ्या खटाटोपात मोलाचं वाटतं ते हे, की अक्षर हाती आल्यावर फुलपाखरू उडून जाऊ शकतं. टाचणीला हे जमलं नसतं. दक्षिण अमेरिकेतल्या एका फुलपाखराच्या पंखाखाली अठ्ठ्याऐंशीचा इंग्रजी आकडा दिसतो, त्याचं नावही तेच पडलंय. पूर्वी असलं फुलपाखरू घरी न्यायचं म्हणजे मारूनच न्यायचं.

एक गोष्ट मात्र छापलेल्या तक्त्यात दिसत नाही. पंख असतात जोडीने. एकावर 'एफ' सुलटा असेल तर दुसऱ्यावर आरशातल्यासारखा उलटा. एका बाजूला डावीकडून उजवीकडे, दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे. मला याचं फारसं नवल वाटलं नाही. लहानपणी मी सकाळी मशिदीत उजवीकडून वाचायचो आणि दुपारी शाळेत डावीकडून.