अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी पाटीवर वाचतो. तो आला मात्र आजच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांतून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात गेली. जरा मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले.

मी सॉफ्टवेअर लिहितो. लोक एखादं ॲप वापरत नाहीत, तेव्हा आमच्याकडे पहिला सूर 'लोकांना कळत नाही' असाच असतो. मूल शाळेत येत नाही याचा अर्थ या दोघींनी उलटा लावला: शाळेची जागा, वेळ आणि साधनं चुकली आहेत. बालविधवा असूनही जिद्दीने शिकलेल्या अनुताईंना शाळेचं दार किती दूर असू शकतं, हे ठाऊक होतं.

१९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई १९९२ साली गेल्या. दरम्यान १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. आता सेविका मोबाइलवर नोंदी भरतात. नोंदी हव्यातच, पण तिथला प्रत्येक जास्तीचा रकाना मुलांच्या वाट्याचा वेळ घेतो. तो रकाना वाढवण्याआधी आम्ही इंजिनिअरांनी एकदा पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसायला हवं.