नावावरून संशय : 'पॅच' नावाच्या प्रोग्रामची गोष्ट

१९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. दोन वर्षांनी 'पर्ल' ही प्रोग्रामिंगची भाषा आणणारे तेच हे वॉल. पॅचचे काम साधे आहे. जुन्या आणि नव्या फाइलमध्ये कोणत्या ओळी बदलल्या, एवढीच यादी त्याच्या हाती द्यायची. तो जुन्या फाइलला नेमक्या जागी ठिगळ लावून तिची नवी फाइल करून देतो. त्या काळी दूरच्या माणसाला अख्खा प्रोग्राम पाठवणे महागाचे काम होते. दहा ओळींची दुरुस्ती दहा ओळींतच पाठवता येणे ही फार मोठी सोय होती. लिनक्सचा गाभा आजही ईमेलने येणाऱ्या अशा ठिगळांवरच वाढतो आहे.

पॅचला स्वतःची खिडकी नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, तो काम करतो आणि निघून जातो. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा विक्रीला आली आणि अनेकांच्या संगणकावर हाच पॅच अडू लागला. कारण त्याचे नाव.

हे कसे घडले ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. युनिक्सच्या पहारेकऱ्याचा प्रश्न एकच असे : माणूस कोण? फाइलचा मालक, मालकाच्या गटातला, की परका? प्रत्येकाला वाचण्याची, लिहिण्याची, चालवण्याची मुभा आहे की नाही, अशा नऊ खुणांत अखेर सगळा कारभार बसला. (हुकूम, मालक, परवानगी, मुभा हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इथलेच झाले. संगणकाच्या कारभारासाठी वेगळे शब्द घडवण्याची मला तरी गरज वाटत नाही.) प्रोग्रामला स्वतःची ओळख नव्हती. जो चालवतो त्याचे अधिकार ते प्रोग्रामचे अधिकार.

पण साध्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलायचा असेल, तर ज्या फाइलमध्ये लिहायची त्याला मनाई आहे तीच बदलावी लागते. रिची यांनी यावर तोड काढली. काही निवडक प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालतील. 'सेटयूआयडी' या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये पेटंट मिळाले. पुढे बेल लॅब्जने ते सर्वांसाठी खुले केले.

दुसऱ्याच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम काय घोटाळा करू शकतो, याची एक गोष्ट नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये लिहिली. ती घडली होती त्याच्या बरीच आधी, टायमशेअर या कंपनीच्या संगणकावर. तिथल्या कंपायलरला आपल्या फोल्डरमध्ये आकडेवारी लिहिण्याची परवानगी होती. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. कोणीतरी कंपायलरला सांगितले, तुझा तपासणीचा मजकूर या नावाच्या फाइलमध्ये लिही, आणि नाव दिले बिलांच्या फाइलचे. त्या माणसाला तिथे लिहिण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. त्याने इमानदारीने लिहिले आणि बिलांचा हिशेब पुसला गेला. हार्डी यांनी अशा प्रोग्रामला गोंधळलेला मुनीम म्हणावे तसे नाव दिले. मुनीम चोर नव्हता. आपण कोणाच्या वतीने सही करतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते.

इंटरनेट घराघरांत आल्यावर हा प्रश्न सर्वांच्या दारात आला. विंडोज एक्सपीवर घरचे बहुतेक लोक सर्वाधिकारी म्हणूनच वावरत. त्यामुळे चुकून उघडलेल्या प्रोग्रामलाही सगळे अधिकार मिळत. व्हिस्टाने ही सवय मोडायचे ठरवले. सगळे प्रोग्राम साध्या अधिकाराने चालतील, जास्त हवे असतील तर पडदा अंधारून मालकाला विचारले जाईल. हेतू चांगलाच होता. पण जुने इन्स्टॉलर असे काही मागायला शिकलेलेच नव्हते. मग विंडोजने अंदाज बांधायला सुरुवात केली. ज्या ३२ बिट प्रोग्रामजवळ स्वतःविषयीचा कागद नाही आणि ज्याच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल', 'अपडेट' असे काही आहे, तो इन्स्टॉलर असणार असे धरायचे. 'पॅच' हे नावही याच जाळ्यात आले.

बिचारा पॅच तर तुमच्याच फोल्डरमधल्या तुमच्याच फाइलच्या ओळी बदलत होता. त्याला जास्तीचे अधिकार नकोच होते. तरी त्याला हटकले जाई. हो म्हटले तर तो वेगळ्या खिडकीत सर्वाधिकारी होऊन चाले आणि काय केले हे वाचायच्या आत ती खिडकी मिटे. दुसऱ्या प्रोग्रामने त्याला बोलावले तर परवानगी नाही म्हणून काम तिथेच थांबे. भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदललेला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या पद्धतीचे नवल वाटणार नाही. उपायही ओळखीचेच निघाले. कोणी प्रोग्रामचे नाव बदलले. कोणी सोबत एक छोटी फाइल जोडली, ज्यात लिहिलेले असते की याला चालवणाऱ्यापेक्षा जास्त अधिकार नकोत. आणि कितीतरी जणांनी ही विचारपूसच बंद करून टाकली.

लिनक्सच्या जगातही हेच झाले. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० च्या डिसेंबरमध्ये 'एसई लिनक्स' खुले केले. त्यात प्रत्येक फाइलवर आणि प्रोग्रामवर एक चिठ्ठी असते आणि कोणत्या चिठ्ठीने कोणाला हात लावावा याचे नियम असतात. घरच्या फोल्डरमधली फाइल वेबसाइटच्या फोल्डरमध्ये नुसती हलवली, तर जुनी चिठ्ठी तशीच राहते. नक्कल करून नेली तर नवी लागते. नऊच्या नऊ खुणा बरोबर असूनही सर्व्हर फाइल वाचत नाही आणि माणूस रात्रभर डोके खाजवतो. चिठ्ठी दुरुस्त करायला एक हुकूम पुरतो. पहारा उठवायलाही एकच पुरतो, आणि लोकांना दुसराच पाठ झाला.

व्हिस्टाच्या त्या दिवसांत ॲपलने एक जाहिरात केली होती. विंडोजच्या मागे काळा चष्मा लावलेला पहारेकरी उभा आणि प्रत्येक वाक्याला तो विचारतो, परवानगी द्यायची की रद्द करायचे? लोक खूप हसले. २०१५ मध्ये ॲपलने स्वतःच्या मॅकवर 'रूट' या सर्वाधिकाऱ्यालाही सिस्टीमच्या फाइल बदलायला बंदी केली. २०१८ च्या मोहावीमध्ये मालकाचे स्वतःचे ईमेलचे फोल्डर टर्मिनलमधून उघडेना, 'सुडो' लावूनही नाही. २०१९ च्या कॅटॅलिनामध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही त्या पहाऱ्यात गेले.

ही सगळी विचारपूस खिडकी असलेल्या ॲपसाठी आखलेली आहे. काळ्या पडद्यावरच्या प्रोग्रामला ना चित्र ना चेहरा, म्हणून मॅक त्याच्याऐवजी टर्मिनलला जबाबदार धरतो. टर्मिनलला 'फुल डिस्क ॲक्सेस' दिला की त्यातून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला तो मिळतो, बॅकअप घेणाऱ्यालाही आणि कुठून तरी उतरवलेल्या अनोळखी स्क्रिप्टलाही. हार्डींच्या मुनिमाकडचा किल्ल्यांचा जुडगा असा पुन्हा एकाच कमरेला आला. रात्री 'क्रॉन' मधून आपोआप चालणाऱ्या बॅकअपसमोर तर प्रश्नाला उत्तर द्यायला माणूसच नसतो. म्हणून लोक सेटिंग्जमध्ये जाऊन 'क्रॉन'लाच संपूर्ण डिस्क खुली करून देतात.