वस्तादाला पैसे मोजावेत का?



मागच्या बैठकीत आमच्या गटाचे हप्ते गोळा झाले, वही मिटली, बाया उठायला लागल्या. पण एक मैत्रीण बसूनच राहिली. तिच्या लेकीला पोलीस भरतीत उतरायचंय. तालुक्याला एक सर आहेत, ते मुलींना एकेकटीला मैदानावर शिकवतात आणि महिन्याला तीन हजार घेतात. भरतीला सहा महिने होते, म्हणजे अठरा हजार झाले. "गटातून कर्ज मिळेल का?" असं तिनं विचारलं.

लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, "पळायला कुठं मास्तर लागतो? बांधाबांधानं पळ म्हणावं." दुसरी म्हणाली, "माझ्या पोराचा नंबर दोन गुणांनी हुकला. तेव्हा सांगणारं कुणी असतं तर?" त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण घरी जाताना आमच्या मनात आलं, अंगमेहनत शिकवणारा माणूस आपल्याकडं काही आज उगवलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातही तो होताच. मग त्याचा खर्च कोण करायचं? आज तेच बोलू या.

पूर्वी गावोगाव तालमी होत्या, काही ठिकाणी अजून आहेत. आत लाल मातीचा हौद, मारुतीचा कोनाडा, भिंतीला टेकवलेली करेल. मातीत ताक, हळद, तेल घालून ती मऊ केलेली. तिथं जो शिकवायचा तो वस्ताद. वस्तादाची महिन्याची फी अशी ठरलेली नसायची. पोरं पहाटे हौद खणायची, वस्तादाचं अंग रगडायची, गुरुपौर्णिमेला नारळ आणि ऐपतीप्रमाणं दक्षिणा ठेवायची. जत्रेत कुस्ती मारली तर इनामातून वस्तादाचा मान व्हायचा. बाकी भार गाव उचलायचं.

पण फुकट काहीच नव्हतं. खरा खर्च होता खुराकाचा. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. एका पैलवानाच्या खुराकात अख्खं घर आवळायचं. दूध पोराला आणि ताक लेकीला, हे आपण आपल्याच घरात पाहिलंय. म्हणून मोठ्या पैलवानामागं राजाश्रय लागायचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं, तालमींना आधार दिला, आणि त्यांच्याच काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभं राहिलं. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं ते नुसत्या पोरांच्या ताकदीवर झालं नाही. त्यामागं संस्थानाचा पैसा होता.

आता एका माणसाची गोष्ट ऐका. कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथले खाशाबा जाधव. घर शेतकऱ्याचं. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं पहिला वस्ताद घरातच मिळाला. पुढं कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकताना कुस्ती चालूच राहिली. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. जाण्यासाठी मदत केली कोल्हापूरच्या महाराजांनी.

अडचण अशी की आपली कुस्ती मातीतली आणि तिकडची गादीवरची. नियमही वेगळे. गादीवर पाय कसा रोवायचा, गुण कसे मोजतात, हे गावाकडच्या वस्तादानं कधी पाहिलेलंच नव्हतं, तर तो शिकवणार कसं? तेव्हा त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगीराचं मार्गदर्शन मिळालं. खाशाबा त्या वर्षी सहावे आले.

इथं थोडं थांबून विचार करू. खाशाबांचं बळ कुणी दिलं? मातीनं, भाकरीनं, वडिलांनी आणि रोजच्या जोर-बैठकांनी दिलं. परक्या शिक्षकानं बळ दिलं नाही. जे गावात मिळतच नव्हतं, तेवढंच त्यानं दिलं.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडमध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक होतं आणि पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. कर्ज काढणं आणि फेडणं काय असतं हे आपल्या गटाइतकं कोणाला कळणार?

आता आपली गोष्ट. या सगळ्या इतिहासात बाई कुठं आहे? तालमीच्या उंबऱ्याबाहेर. पोराच्या खुराकाचं दूध तापवायला आई, पण हौदात पाय ठेवायला तिला बंदी. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा पुरुषांसाठी कित्येक दशकं चालली. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली ती २०२३ साली, सांगलीत. तिथली मानकरी ठरली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी.

पळण्यात मात्र आपल्या लेकी थोड्या आधी पुढं गेल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावर वाढली. पायात बळ डोंगरानं घातलं होतं. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली त्या बळाला वळण लागलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. इथंही तीच गोष्ट दिसते. बळ घरचं होतं आणि वळण शिकवणाऱ्यानं लावलं.

शिकवणाऱ्याची किंमत नुसत्या रुपयांत मोजू नका. २०२३ सालीच देशातल्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतर-मंतरवर धरणं धरून बसल्या होत्या. तक्रार लैंगिक छळाची होती. पदकं मिळवलेल्या मुलींवर रस्त्यावर बसायची वेळ आली, तर तालुक्याच्या मैदानावर एकटी जाणाऱ्या आपल्या लेकीचं काय, हा विचार आईनं करायलाच हवा. म्हणून मुलीला घरी बसवायचं नाही. तिला एकटी पाठवायची नाही, एवढंच.

मग आमच्या गटानं काय केलं? आधी भरतीचं मैदान समजून घेतलं. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं आणि चार किलोचा गोळा फेकावा लागतो. आठशे मीटरचा दम रोजच्या पळण्यानं वाढतो. त्याला गावचा रस्ता, घड्याळ आणि पहाटे उठवणारी आई पुरते. पण गोळा कसा धरायचा, खांदा आणि कंबर कशी फिरवायची, शंभर मीटरला सुटताना पाय कसा ठेवायचा, हे सांगायला जाणकार लागतो. चुकीचं शिकलं तर खांदा दुखावतो तो वेगळाच.

मग वस्तीतल्या अजून चार मुली शोधल्या. पाच जणी मिळून त्याच सरांशी बोललो. पाच जणींचे मिळून महिन्याला पाच हजार ठरले, म्हणजे एकीला हजार. तेही दोनच महिने. अठरा हजारांच्या जागी एकीला दोन हजार खर्च आला. गटानं तेवढं कर्ज दिलं. उरलेल्या पैशात रोज अंडी, शेंगदाणे आणि दूध, आणि या वेळी दूध लेकीला. मैदानावर रोज एक आई पाळीनं बसते. सरांना हे आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी हरकत घेतली नाही. घेतली असती तर आम्ही तिथूनच परत आलो असतो.

मुली भरतीत लागतील की नाही, हे आज सांगता येत नाही. पण त्या पाच जणी आता वस्तीतल्या धाकट्या पोरींना संध्याकाळी गोळा धरायला शिकवतात. वस्ताद एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो असं म्हणतात. आमच्या पोरींनी एकही राखून ठेवलेला नाही.

तुमच्या गटात असा प्रश्न आला तर पैसे मोजायच्या आधी तिघी-चौघी बसा आणि विचारा: यातलं आपल्याला घरी काय जमतं, काय जमत नाही, आणि अजून कुणाच्या लेकीला हेच हवंय?