टायरवरचे आकडे : मिलिमीटर आणि इंच एका ओळीत कसे आले?

उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीच्या चाकाशी वाका आणि टायरच्या बाजूवर उठावात छापलेली ओळ वाचा. ती साधारण अशी असेल : १८५/६५ आर १५ ८८ एच. यातला पहिला आकडा मिलिमीटरमध्ये आहे, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचांत. चौथ्याला एककच नाही, तो एका तक्त्यातला क्रमांक आहे. कोणी एका बैठकीत विचार करून पद्धत आखली असती, तर ती अशी खचितच झाली नसती. ही ओळ एकावर एक साचत गेलेली आहे. तिचे थर सुटे करून पाहिले, तर टायर निवडताना कोणता आकडा बदलता येतो आणि कोणता मुळीच नाही, हेही कळते.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलसाठी हवेचा टायर केला आणि थोड्याच वर्षांत तो मोटारीवर आला. तेव्हा माप लिहिताना टायरचा बाहेरचा व्यास आधी येई. फोर्डच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंचांचे टायर असत. टायरचा छेद जवळजवळ गोल असल्यामुळे रिमचा व्यास वजाबाकीने काढावा लागे : पुढे २४ इंच, मागे २३. एकाच गाडीला दोन मापांच्या रिमा! पुढे १९२० च्या दशकात जाड, कमी दाबाचे ‘बलून’ टायर आले आणि माप ४.४०-२१ असे लिहू लागले, म्हणजे आधी रुंदी, मग रिमचा व्यास. रिमचा इंच इथे ओळीत शिरला आणि आजतागायत निघालेला नाही. कारण सरळ आहे. रबर झिजते आणि फेकले जाते, पण रिम गाडीबरोबर वर्षानुवर्षे राहते. म्हणून नव्या टायरलाच जुन्या रिमशी जुळवून घ्यावे लागते.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला. आपल्याकडेही इंचांचीच भाषा रुजली. अँबेसिडरचा ५.९०-१५ हा टायर तुमच्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळांना पाठ असेल.

मिलिमीटर आला फ्रान्समधून. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये ‘एक्स’ या नावाने तो बाजारात आणला. जुन्या टायरात धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी तारांचे पट्टे येतात. फ्रेंच गाड्यांवर हे टायर १६५-४०० अशा मापाने येत आणि त्यात दोन्ही आकडे मिलिमीटरचेच होते. पण बहुतेक जगाच्या रिमा इंचांच्या होत्या. त्यामुळे तडजोड झाली : रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचांत, मध्ये रेडियलचा ‘आर’. उंची लिहायची गरज नव्हती, ती रुंदीच्या सुमारे ८२ टक्के धरलेली असे. टायर चपटे होऊ लागल्यावर मात्र टक्केवारी सांगणे भाग पडले. म्हणून लक्षात ठेवा, ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर नव्हे. १८५ चे ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर. (भारतात रेडियल १९७७ मध्ये जे. के. टायरने आणला. जुन्या घडणीच्या टायरला आपले दुकानदार अजून ‘नायलॉन’च म्हणतात.)

मिशेलिनने १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये नेण्याचा प्रयत्न केला. ‘टीआरएक्स’ टायरचे माप १९०/६५ आर ३९० असे असे. रिमच्या कडेचा आकार वेगळा असल्याने साधा टायर त्यावर चुकून चढू नये, हाही हेतू होता. विचार चांगला होता, पण पद्धत टिकली नाही. त्या रिमा असलेल्या गाड्यांच्या मालकांना आज टायर शोधत फिरावे लागते.

ती भीती मात्र खोटी नव्हती. अमेरिकेत हलक्या ट्रकांना १६ इंची आणि १६.५ इंची अशा दोन्ही रिमा असत. १६ चा टायर १६.५ च्या रिमवर चढतो, पण त्याची कड नीट बसत नाही. ती बसावी म्हणून कारागीर आणखी हवा भरतो, कडेतली तार तुटते आणि टायर स्फोटासारखा फुटतो. यात माणसे मेली आहेत. म्हणून रिमच्या आकड्यात ‘जवळपास’ चालत नाही.

बाकीच्या आकड्यांत थोडी मोकळीक आहे, पण हिशेब करून. २०१८ च्या स्विफ्टच्या काही प्रकारांना १६५/८० आर १४, तर वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ टायर येत. रुंदी, उंची, रिम सगळे वेगळे दिसते. आता बाहेरचा व्यास काढा. १६५ चे ८० टक्के १३२. त्याची दुप्पट २६४. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवा. उत्तर ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्याचा येतो ६२१.५. फरक दोन मिलिमीटरांहूनही कमी, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही. व्यास बराच वाढवला तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवील. रुंदी वाढवतानाही ती आपल्या रिमच्या रुंदीला चालते का, हे तपासावे लागते.

८८ हा भारक्रमांक आहे, एका टायरला ५६० किलो. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा तो कमी घेऊ नये, आणि वेगाचे अक्षरही खालचे घेऊ नये. इथेही इतिहास डोकावतो. युरोपात आरंभी तीनच अक्षरे होती : एस (ताशी १८० किमी), एच (२१०) आणि त्याहून वर व्ही. टी (१९०) आणि यू (२००) नंतर घुसवली. म्हणून वर्णक्रम सोडून एच हा यू आणि व्ही यांच्या मध्ये बसला आहे.

दुकानात आणखी चार अंक शोधा, बहुधा एका लंबगोल चौकटीत. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. २००० पूर्वी तिथे तीनच अंक असत, त्यामुळे ३५८ हा टायर १९८८ चा की १९९८ चा, हे नुसत्या अंकांवरून सांगता येत नसे.