बॅरिस्टरीचा खर्च कोणीं दिला? विधिविद्येच्या वृत्त्यांविषयीं एक टिपण

‘शिष्यवृत्ति’ हा शब्द इतका रुळला आहे कीं, त्यांतील ‘वृत्ति’ या पदाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संस्कृतांत वृत्ति म्हणजे उपजीविका. जुन्या दानपत्रांतून जोश्यास, पुजाऱ्यास किंवा वैदिकास जी वृत्ति लावून दिलेली आढळते ती पोटाची सोय असे, आणि तिच्या बदल्यांत घेणाऱ्याकडून कांहीं अपेक्षा धरलेली असे. अमुक देवाची पूजा करावी, अमुक ठिकाणीं पुराण सांगावें, नाहींतर वृत्ति खालसा. देणाऱ्याची इच्छा आणि घेणाऱ्याची गरज यांमधील हा करार ज्यांनीं जुनीं दफ्तरें चाळलीं आहेत त्यांस नवा नाहीं. अर्वाचीन शिष्यवृत्त्यांकडे मात्र आपण या दृष्टीनें पाहत नाहीं. त्यांची गणना आपण केवळ औदार्यांत करून मोकळे होतों, आणि त्यामुळें इतिहासांत चुका शिरतात.

अशीच एक चूक आम्हीं स्वतः वीस-पंचवीस वर्षें वर्गांत सांगितली. ‘बाबासाहेबांना बॅरिस्टर कोणीं केलें?’ असें एखाद्या मुलानें विचारलें म्हणजे ‘बडोद्याच्या महाराजांनीं शिष्यवृत्ति देऊन’ असें आम्ही ठोकून देत असूं. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां साल व महिने जुळवून पाहिले, तेव्हां उत्तर इतकें सोपें नाहीं असें दिसून आलें. त्या हिशेबाचाच हा लेख आहे. परंतु थोडें मागें गेल्यावांचून त्याचें महत्त्व ध्यानीं येणार नाहीं.

महाराष्ट्रांत व्यवहारशास्त्राच्या अध्ययनास राज्याच्या खजिन्यांतून द्रव्य मिळण्याची जुनी वाट म्हणजे पेशव्यांची श्रावणमासची दक्षिणा. याज्ञवल्क्यानें आपली स्मृति आचार, व्यवहार व प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांत विभागली. त्यांतील व्यवहार म्हणजेच आजच्या भाषेंत कायदा. दक्षिणेसाठीं पुण्यास येणाऱ्या शास्त्र्यांत धर्मशास्त्र जाणणारे असत. १८१८ नंतर कंपनी सरकारनें ही दक्षिणा एकदम बंद न करितां तिचा कांहीं भाग विद्येकडे वळविला, आणि १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत हिंदु कॉलेज उघडलें. तेथें वेद, न्याय, व्याकरण यांबरोबर धर्मशास्त्रही शिकवीत. कंपनीच्या न्यायालयांस हिंदूंचा कायदा सांगणारे शास्त्री लागत असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या पाठशाळेची उपयुक्तता कळते. विद्यार्थी अर्थात् ब्राह्मणच. पुढें १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, मग दक्षिणा फेलोशिप आली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १८६६ सालीं एल्एल्. बी. झाले, त्यांच्या पदवीनंतरच्या अध्ययनकाळांत त्यांस याच फेलोशिपचा आधार होता. न्यायालयांतील शास्त्र्यांचें पद १८६४ च्या कायद्यानें रद्द झालें, आणि त्याच सुमारास दक्षिणेच्या पैशावर शिकलेला एक तरुण इंग्रजी कायद्याची परीक्षा देत होता. वृत्तीचा ओघ तोच राहिला, पात्र मात्र बदललें.

या ओघाच्या कांठाबाहेर कोण होते हें पाहावयाचें तर नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचें उदाहरण पुरेसें आहे. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या, म्हणजे ज्या संस्थेची परंपरा थेट विश्रामबागवाड्यांतील पाठशाळेपर्यंत पोंचते तेथें. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेंतील त्यांच्या स्थानावरून विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस मिळावयास हवी होती, परंतु ती स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. गुणांत उणें निघालें असतें तर गोष्ट वेगळी. येथें नियम करणाऱ्यांच्या कल्पनेंतच विद्यार्थी म्हणजे पुरुष असा अर्थ होता. शेवटीं लेडी हॉबहाउस यांनीं इंग्लंडांत वर्गणी उभी केली, तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता, आणि १८८९ सालीं कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजांत दाखल झाल्या. १८९२ सालीं त्यांनीं तेथील बी. सी. एल्. ही कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातीं पडली १९२२ सालीं! वर्गणीनें प्रवास, निवास व पुस्तकें यांची सोय झाली, पण पदवी आणि सनद यांच्या दारावरील कुलूप वर्गणीनें उघडणारें नव्हतें.

आतां ग्रेज इन्. लंडनांत बॅरिस्टर घडविणाऱ्या ज्या चार जुन्या संस्था आहेत त्यांपैकीं ही एक. येथें केवळ परीक्षा देऊन भागत नसे. ठराविक सत्रें, ज्यांस आपले लोक ‘टर्म’ म्हणत, तीं संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवून ‘भरावीं’ लागत. म्हणजे लंडनांत प्रत्यक्ष राहणें आलें, आणि राहणें आलें म्हणजे खर्च आला. शिष्यवृत्तीची मुदत मध्येंच संपली तर परीक्षेची तयारी घरीं बसूनही करितां येई, पण जेवणें घरीं बसून होत नसत. पुढील सर्व हकीकतीची किल्ली या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमांत आहे.

या संस्थेंत दहा वर्षांच्या अंतरानें महाराष्ट्रांतील दोन तरुण शिरले. पहिले विनायक दामोदर सावरकर, १९०६ सालीं. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनीं हिंदी तरुणांसाठीं ज्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या त्यांस जोडून सरदारसिंह राणा यांनीं दिलेली ‘शिवाजी शिष्यवृत्ति’ सावरकरांस मिळाली. लोकमान्य टिळकांची शिफारस होती. श्यामजींची अट प्रसिद्ध आहे: घेणाऱ्यानें पुढें इंग्रज सरकारची नोकरी धरूं नये. दुसरे भीमराव रामजी आंबेडकर, १९१६ सालीं. त्यांच्या पाठीशीं बडोद्याचा करार होता, आणि त्याची अट नेमकी उलट होती: परत येऊन दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी. एका वृत्तीनें चाकरी वर्ज्य केली, दुसरीनें ती बंधनकारक केली. गंमत अशी कीं, दोन्ही वृत्त्यांस अभिप्रेत असलेला शेवट झाला नाहीं. सावरकरांस परीक्षा होऊनही १९०९ सालीं ग्रेज इन् ने बॅरिस्टर म्हणून घेतलें नाहीं. आंबेडकरांच्या दहा वर्षांचें काय झालें तें आतां पाहूं.

सयाजीराव महाराजांकडे हा विद्यार्थी नेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं. एल्फिन्स्टन कॉलेजांतील शिक्षणासाठीं महाराजांनीं दरमहा २५ रुपये दिले. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारींत ते बडोद्याच्या नोकरींत गेले, तोंच २ फेब्रुवारीस वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षीं महाराजांनीं कांहीं विद्यार्थी अमेरिकेस धाडण्याचें ठरविलें आणि ४ जून १९१३ रोजीं करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास, आणि नंतर दहा वर्षें नोकरी. या करारांत बॅरिस्टरी कोठेंच बसत नाहीं. कोलंबिया विद्यापीठांतील त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ सालीं ते तेथें एम्. ए. झाले.

मूळ मुदत संपली तेव्हां, म्हणजे १९१६ च्या उन्हाळ्यांत, आंबेडकर लंडनास आले. बडोद्याहून मुदतवाढ मिळाली होती. त्या वाढीव काळांतच त्यांनीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें व ग्रेज इन् मध्यें नांव घातलें. म्हणून बॅरिस्टरीचा आरंभ बडोद्याच्या पैशांत झाला असें म्हणणें खरें; परंतु तो आरंभच. १९१७ सालीं मुदत संपली, संस्थानाचें बोलावणें आलें, आणि टर्म अर्ध्यावर टाकून परतावें लागलें. लंडन विद्यापीठानें ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत पुन्हा येण्याची परवानगी दिली, एवढाच धागा शिल्लक राहिला. त्या वर्षीं समुद्रावर युद्ध पेटलेलें होतें. वेगळ्या जहाजानें धाडलेली त्यांची पुस्तकें बुडालीं.

बडोद्यास काय घडलें तें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. ती हस्तलिखित आत्मकथनात्मक टिपणें १९९० सालीं पुस्तिकारूपानें प्रसिद्ध झालीं, आणि संग्राहकांनीं तीं अवश्य पाहावीं. राहण्यास जागा कोणी देईना म्हणून ते एका पारशी वसतिगृहांत पारशी नांवानें उतरले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेले पारशी दारांत उभे राहिले व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचें फर्मावून गेले. हिंदु व ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे आसरा विचारला, दोन्हीकडे तो मिळाला नाहीं. रात्रीच्या गाडीनें ते मुंबईस परतले. ज्या संस्थानानें साता समुद्रांपलीकडील भाडें व भोजन पुरविलें, त्याच्या राजधानींत त्या विद्यार्थ्यास पाठ टेंकण्यापुरती खोली मिळूं नये! आमच्या मतें यांत महाराजांच्या हेतूस दोष देतां येत नाहीं. पण करारपत्रांत शहराची सही नसते, आणि वृत्ति देणारा कितीही थोर असला तरी त्याच्या प्रजेचें वर्तन तो करारानें बांधून देऊं शकत नाहीं, हेंही खरें.

येथून पुढचा खर्च निराळ्या खातीं पडतो. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक होते, आणि काटकसर करून त्या पगारांतून शिल्लक टाकीत होते. नवल भथेना या पारशी मित्रानें ५००० रुपये कर्जाऊ दिले. (बडोद्याच्या पारशांची आठवण ताजी असतां हें नांव आम्ही मुद्दाम नोंदवीत आहों.) कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनींही हातभार लाविला. जुलै १९२० मध्यें आंबेडकर पुन्हा लंडनास गेले, म्हणजे चार वर्षांच्या सवलतीचें जेमतेम एक वर्ष उरलें असतां. त्यांतच रुपयाचा भाव पौंडाच्या मानानें कोसळला. १९२० च्या आरंभीं चढलेला दर १९२१ मध्यें इतका उतरला कीं, रुपयांत जमविलेली शिल्लक लंडनांत पोंचतां पोंचतां वितळली. सप्टेंबर १९२१ मध्यें त्यांनीं शाहू महाराजांस पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले, त्यांत हुंडणावळीच्या याच घसरणीचें कारण दिलें आहे. त्याच सुमारास हा विद्यार्थी डी. एस्सी. साठीं रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहीत होता. विषयाचा असा प्रत्यक्षानुभव फार थोड्या अर्थशास्त्रज्ञांस आला असेल. १९२२ सालीं ते बॅरिस्टर झाले. एप्रिल १९२३ मध्यें मुंबईस परतल्यावर हायकोर्टाच्या सनदेपुरते पैसेही जवळ नव्हते. तेथेंही भथेनाच पुढें झाले.

सारांश मांडावयाचा तर खातें असें लिहावें लागेल: प्रवेश बडोद्याच्या मुदतवाढींत, पूर्तता स्वतःच्या पगारावर, मित्राच्या कर्जावर व कोल्हापूरच्या साहाय्यावर. बडोद्याचें ऋण यानें कमी होत नाहीं. कोलंबियावांचून पुढचें कांहींच घडलें नसतें. परंतु ‘महाराजांनीं बॅरिस्टर केलें’ या एका वाक्यांत तीन वर्षांचा खंड, एक कर्ज आणि एक पत्र गडप होतें.

शाहू महाराजांची रीत येथें वेगळी नोंदविली पाहिजे. १९०१ पासून त्यांनीं कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. एवढ्यावर न थांबतां आपल्या अधिकारांत त्यांनीं अस्पृश्य समाजांतील कांहीं व्यक्तींस वकिलीच्या सनदाच दिल्या. परीक्षेपर्यंत नेणारी वाट लांबची आहे, तर दारच उघडावें, असा हा रोखठोक विचार. त्यावर त्या काळीं टीका झाली. आम्ही पाठशाळेंत घडलेले, परीक्षेवर आमची श्रद्धा. तरीही सनद मिळाल्यावांचून पक्षकार मिळत नाहीं आणि पक्षकार मिळाल्यावांचून वकील घडत नाहीं, हा युक्तिवाद खोडण्यास आम्हांस अद्याप उत्तर सांपडलेलें नाहीं.

१९३५ च्या जूनमध्यें डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढें १९४२ ते १९४६ या काळांत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. ऑक्टोबर १९४२ मध्यें त्यांनीं सरकारपुढें अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचें जें निवेदन ठेविलें त्यांत शिष्यवृत्त्यांची मागणी आहे, आणि देशांत व परदेशांत शिकण्यासाठीं वार्षिक रकमाही मागितल्या आहेत. १९४४ पासून सरकारी शिष्यवृत्त्यांची योजना सुरू झाली. परंतु त्या निवेदनांत एक मत आहे त्याकडे आमच्या वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. कला आणि कायदा यांच्या शिक्षणानें या समाजाचा फारसा लाभ व्हावयाचा नाहीं, मदत हवी ती विज्ञान व तंत्रविद्या यांच्या उच्च शिक्षणास, असें तेथें म्हटलें आहे. आणि हें लिहिणारा गृहस्थ ग्रेज इन् चा बॅरिस्टर व लॉ कॉलेजचा माजी प्राचार्य होता.